राणीभोवतीची अक्षरं

१२ फेब्रुवारी १९९५, रविवार

आज ह्यांच्या संग्रहातल्या नाण्याला हात लावला! लग्नाला एकोणतीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा — तेही ह्यांनीच "लाव" म्हटलं म्हणून.

कडेनं धरायचं. अंगठा आणि तर्जनी, मध्ये फक्त कड. तोंडाला किंवा पाठीला बोट लागता कामा नये. "बोटाला तेल असतं, घाम असतो. आज दिसत नाही, वर्षानं ठसा उमटतो," म्हणाले. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्याच हाताची ह्यांना किळस आहे की काय. आज कळलं, स्वतःच्या बोटांवरही भरवसा नव्हता.

खाली मऊ पंचा अंथरला होता, निसटलं तर लागू नये म्हणून. तान्ह्या मुलासारखं! माझा चेहरा ह्यांना दिसला नाही, पण म्हणाले, "भिऊ नको गे. श्वास घे." कोंडलेला श्वास ऐकू आला असणार.

व्हिक्टोरिया राणीचा रुपया. मी तो ह्यांच्या पुढे धरला. हे मान तिरकी करून खिडकीच्या गजांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राणीभोवतीची अक्षरं दिसतात. राणी दिसत नाही."

मदुरैच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. पडद्याच्या मधोमध बिघाड, कडा शाबूत. आहे ते बहुतेक राहील, गेलं ते परत येणार नाही. म्हणून हल्ली माझ्याशी बोलताना हे खांबाकडे बघतात. आधी मला राग यायचा. आता कळतं — खांबाकडे बघितलं की मी दिसते.

१३ फेब्रुवारी

सार खारट झालं. डोक्यात राणी होती.

१५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळच्या हिंदीच्या शिकवण्या उरकल्या की आता दुसरा वर्ग भरतो. त्यात मी विद्यार्थिनी. मास्तर कडक!

आजचा धडा — नाण्यावर जे उंच असतं ते आधी झिजतं. म्हणून सगळं नाणं बघत बसायचं नाही. उंच जागा शोधायची. राणीच्या बाबतीत कानावरचे केस, मुकुटातले मणी, छातीवरचं जरीकाम. जॉर्ज राजाचा मुकुट. एडवर्ड राजाला मुकुटच नाही, त्याची दाढी आणि कान.

"कानावरचे केस सुटे सुटे दिसतात?"

मी भिंगातून बघितलं. "दिसतात. पण तेल लावून चापून बसवल्यासारखे."

"आणि जरीकाम?"

"आहे. नेसून नेसून जर काळी पडलेली. पण पदर कुठला नि काठ कुठला ते कळतं."

हे हसले. केवढ्यांदा हसले! "ह्याला व्हीएफ म्हणतात. लिही. तुझी भाषा ग्राहकाला चालायची नाही."

मग मी रीतीनं शिकले. पार गुळगुळीत, नुसती ओळख पटते ते खालचं. मग फाइन, मग व्हीएफ म्हणजे व्हेरी फाइन, मग एक्सएफ म्हणजे एक्स्ट्रीमली फाइन — हातातून फिरलेलं पण जपून. आणि सगळ्यात वर यूएनसी — टाकसाळीतून निघालं आणि कधी बाजारात गेलंच नाही. रुपया तोच, चांदी तोळाभरच, पण एकेका पायरीला किंमत दुप्पट, कधी चौपट.

"म्हणजे ज्यानं कधी कुणाला काही आणून दिलं नाही, त्याचीच किंमत जास्त," मी म्हटलं.

हे म्हणाले, "हा विचार मी कधी केला नव्हता."

मला उगीचच लाजल्यासारखं झालं.

१८ फेब्रुवारी, शनिवार

नंदिताचा फोन शेजारी शेषम्मांकडे आला. आमच्याकडे फोन नाही. शेषम्मा भिंतीवर दोनदा थापटतात, मग मी धावते. लेकीचं तेच — "अम्मा, बंगळूरला चला. मी कंपनीत, तुम्ही दोघं तिथं, अप्पांचे डोळे असे. रस्त्यात काही झालं तर?" खोटं काय आहे त्यात. परवाच हे नव्या डांबराच्या कडेला अडखळले. तमिळ संमेलनासाठी तंजावूरचे रस्ते उंच केले, घरं खाली राहिली.

तिच्याकडे दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. लोखंडी कपाटाला जागा नाही. म्हणून नाणी विकायची. मद्रासचा एक व्यापारी, सतीशकुमार, पुढच्या महिन्यात बघायला येणार. त्याच्या आधी प्रत्येक नाणं बघून, पायरी ठरवून, पाकिटावर लिहायची. ह्यांची जुनी पाकिटं आहेत, पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची. "तेव्हा माझाही हात सैल होता," म्हणतात.

म्हणून मी. दुसरं कोण आहे?

हे लिहायला मोकळं वाटतं. नंदिताला ही अक्षरं येत नाहीत, हिंदीसुद्धा माझ्याकडे कधी शिकली नाही, मराठी बोलते तीही अर्धी तमिळमधून. आणि ह्यांना आता दिसत नाहीत.

२० फेब्रुवारी, सोमवार

आज दोन गमती.

पहिली — १९११ चा जॉर्ज. राजाच्या अंगरख्यावरच्या साखळीत हत्ती आहे. इतका आखूड सोंडेचा, की लोकांना तो डुक्कर वाटला! ओरड झाली, सरकारला नाणं मागे घ्यावं लागलं. पुढच्या वर्षी हत्ती नीट केला. मी भिंग लावून किती वेळ बघितलं. "मला तर शेषम्मांचं मांजर दिसतंय," म्हटलं. हे परत हसले. हसताना हे खांबाकडे बघतात, म्हणजे माझ्याकडे.

दुसरी — एक लखलखीत रुपया हाताला लागला. मी म्हटलं, हा सगळ्यात चांगला! हे म्हणाले, "तिरका धर, खिडकीच्या उजेडात." धरला. अंगभर बारीक बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेचे. कुणीतरी चिंचेनं नाहीतर विभूतीनं घासलेला. "मेला तो," हे म्हणाले. "काळेपणा म्हणजे मळ नव्हे. ते त्याचं वय. ते पुसलं की परत येत नाही."

मग एक खोटा रुपया मुद्दाम काढून दाखवला. कधीतरी फसून घेतलेला, धड्यासाठी ठेवलेला. खरं नाणं ठोकलेलं असतं, खोटं ओतलेलं. ओतलेल्याच्या अक्षरांच्या कुशीत बारीक खळगे राहतात — अगदी इडलीच्या अंगाला असतात तसे. आणि कडेच्या दातांमधून एक शिवण फिरते, दोन साचे जुळवल्याची.

इडली म्हटल्यावर मला ते आयुष्यभर विसरता येणार नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

काय करू?

आज ह्यांनी कपाटाच्या वरच्या कप्प्यातली लाकडी डबी काढायला सांगितली. मला ती ठाऊक आहे. आत १९३९ चा रुपया. त्या वर्षीचे चांदीचे रुपये फार थोडे उरले, बाकी सगळे वितळवले गेले, म्हणून संग्रहवाले त्याच्यामागे वेडे असतात. आमच्या लग्नात माझ्या बाबांनी ह्यांना दिला. बाबा कुंभकोणमला रेल्वेत कारकून. जावयाला नाण्यांची हौस आहे असं कुणीतरी सांगितलं, तर सराफाकडे खेपा घालून, ओळखी काढून, एक नाणं मिळवलं. चांदीच्या ताटात तुळशीच्या पानावर ठेवून दिलं. मला अजून दिसतंय.

तोवर ह्यांच्याकडे मूठभर नाणी होती. खरा संग्रह त्यानंतरचा. ह्यांनी किती जणांना सांगितलंय — "हा माझा पहिला. बाकी सगळे ह्याच्या मागून आले."

मी कडेनं धरला. भिंग लावलं.

'रुपी'च्या अक्षरांच्या कुशीत — इडली.

मला वाटलं भिंगच खराब. पुसलं. परत बघितलं. कड फिरवली. शिवण. गोल, पूर्ण गोल.

"कसा आहे?" ह्यांनी विचारलं. चेहरा असा, जणू नंदिताचा निकाल ऐकायचाय.

मी म्हटलं, "छान आहे."

२५ फेब्रुवारी

छान म्हटलं. छान!

बाबांना जाऊन किती वर्षं झाली. सराफानं त्यांना फसवलं, आणि ते हसत हसत ताट घेऊन मांडवात आले.

२७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं.

राहवलं नाही. काल दिवसभर हे मला सगळं विचारत होते. आभाळ भरलंय का? आंब्याला मोहोर किती? माझ्या शर्टावर डाग आहे का? मी जे सांगेन ते ह्यांना तसं दिसतं. संध्याकाळी मनात आलं, एकदा "छान" खोटं सांगितलं, तर उद्यापासून माझं आभाळही खोटं. ह्यांना कळलं नाही तरी मला कळेल.

आज दुपारी फिल्टरची कापी देताना म्हटलं, "१९३९ चा पुन्हा बघितला. ओतलेला आहे."

कापीच्या पेल्याखालचा डवरा हातात तसाच राहिला.

"कोण म्हणतं?"

"मी."

"पंधरा दिवस झाले तुला भिंग धरून!"

"खळगे आहेत. शिवण आहे."

"तुझ्या बाबांनी दिलाय तो, सुंदरी."

"ठाऊक आहे मला, कुणी दिलाय ते," मी म्हटलं आणि आत गेले. रडायचं नव्हतं. रडले.

२८ फेब्रुवारी

वर्ग नाही. हे बाहेर तिण्णैच्या ओट्यावर रेडिओ घेऊन बसले. बातम्या तमिळमधून, मग इंग्रजीतून, मग परत तमिळमधून. जेवताना "भात पुरे" एवढंच बोलले.

२ मार्च, गुरुवार

राग माझ्यावर नाही, असं वाटतं. कुणावर आहे तेही ह्यांना कळत नाही. आज डबी उघडली, बंद केली. मग अंगठा नाण्यावरून फिरवत राहिले — मधोमध, तोंडावर!

३ मार्च, शुक्रवार

सकाळी अंघोळ करून आले आणि म्हणाले, "रविवारी तिरुवैयारुला जाऊ. कल्याणराम बघेल."

कल्याणराम ह्यांचा बालमित्र. व्हायोलिन शिकवतो, आणि नाण्यांचं वेड ह्यांच्याइतकंच. इतकी वर्षं दोघं एकमेकांची नाणी तपासत आलेत. ह्यांना त्याच्याशिवाय कुणाची पायरी मान्य नाही.

"बरं," म्हटलं.

५ मार्च, रविवार

सगळं नीट लिहून ठेवायचंय.

टाउन बसनं गेलो. ह्यांनी खिडकी मला दिली. "तू सांग," म्हणाले. आठवड्यानं पहिल्यांदा सरळ बोलले. मी सांगत गेले — भात कापून झालाय, शेतात बगळे, उडीद पेरलाय, वेन्नार नदीला पाणी नाही, वेट्टारला डबकी, कावेरीत मधोमध एक धार. ऐकता ऐकता ह्यांचा हात माझ्या पिशवीवर येऊन बसला. पिशवीत डबी होती, म्हणूनही असेल.

कल्याणरामची शिकवणी नुकती सुटली होती. "रामू! वहिनी! या, या!" जानेवारीतल्या आराधनेच्या संगीत उत्सवात, गर्दीत घसा बसला तो अजून सुटला नाही म्हणाला. ह्यांनी आधी बाकीची पाच-सहा नाणी काढली. मुद्दाम, मी ओळखते ह्यांना. कल्याणरामची रीत अशी — आधी नाणं बोटाच्या टोकावर तोलतो, दुसऱ्या नाण्यानं हलकेच टिचकी मारतो, आणि कान लावून ऐकतो. चांदी टिण्ण करून गाते, बराच वेळ गाते. मग भिंग. मग पाठ. मग पुन्हा तोंड. एका नाण्याला त्याला कापी निवेपर्यंत वेळ लागतो.

माझी पाकिटं वाचून म्हणाला, "वहिनी, एक्सएफ? मी व्हीएफ म्हणालो असतो." परत बघितलं. "नाही. तुम्ही बरोबर."

मग ह्यांनी डबी पुढे केली. "हा बघ. सुंदरी म्हणते, ओतलेला आहे."

कल्याणरामनं नाणं घेतलं. भिंग लावलं. त्याच्या भुवया मला दिसल्या. नाणं उलटं केलं. कड बघितली. मग वर बघितलं — ह्यांच्याकडे. हे कान देऊन बसले होते, नजर दारातल्या तुळशीकडे, म्हणजे कल्याणरामवर. कल्याणराम किती वेळ ह्यांच्या त्या तोंडाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली. नको, अशी.

"अस्सल आहे रे, रामू," म्हणाला. "अस्सल. वहिनींचं भिंग स्वस्तातलं असेल."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सेरी, बरं," हे म्हणाले. डबी मिटली. जेवूनच जा म्हणून आग्रह झाला, जेवलो. डांगर पचडी होती. दोघं जुन्या गोष्टींवर हसले. मी पानातला भात चिवडत बसले.

निघाल्यावर बस थांब्याकडे न वळता ह्यांनी मला घाटाकडे न्यायला सांगितलं. दुपार कलली होती. पायऱ्यांवर एक बाई भांडी घासत होती, बाकी कुणी नाही. पायरीवर बसलो.

मग हे म्हणाले, "तो खोटं बोलला."

मी ह्यांच्याकडे वळून बघितलं.

"त्यानं तो वाजवला नाही."

माझ्या लक्षातच आलं नव्हतं! मी त्याच्या भुवया बघत बसले, मला सगळं दिसत होतं आणि तेवढं ऐकू आलं नाही.

"सगळी वाजवली. प्रत्येक. हा एकटा नाही. मला ऐकू येईल म्हणून." मग ह्यांनी डबी उघडली, नाणं बोटावर तोललं, खिशातल्या दुसऱ्या नाण्यानं टिचकी मारली. थप्प. लाकडी पाटावर पळी आपटावी तसं. परत मारली. थप्प.

"एवढं सोपं होतं," म्हणाले. "एकोणतीस वर्षं मी वाजवला नाही. भिंगाखालीही कधी घेतला नाही. सासऱ्यांनी प्रेमानं दिलेली वस्तू कुणी तपासतं का, सुंदरी?"

मला हुंदका आला. बाबांसाठी, ह्यांच्यासाठी, कुणासाठी ते ठाऊक नाही.

"कल्याणा माझ्यावर जीव टाकतो, म्हणून खोटं बोलला," हे म्हणाले. "आणि तू — तुझ्या बाबांचा रुपया, तरी खरं सांगितलंस. मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही, तरी परत फिरवलं नाहीस."

"तुम्हाला वाईट वाटलं ना?"

"वाटलं. वाटू दे की." मग तोंड नदीकडे करून — म्हणजे मी त्यांना दिसत होते — म्हणाले, "मला आता तुझ्याच डोळ्यांनी बघायचंय. ते खरं बोलतात, हे मला कळायला हवं होतं. कळलं."

घाटावर, भर दिवसा, माझा हात हातात घेतला! भांडी घासणारी बाई वळून बघत होती. बघू दे.

६ मार्च

आज वर्ग परत सुरू. मास्तर पूर्वीपेक्षा कडक. मी खूश.

१९ मार्च, रविवार

सतीशकुमार आला. मला कुणी पोट सुटलेला व्यापारी वाटला होता. हा पस्तिशीचा, चष्मेवाला, बोलायला मऊ. गाडी रस्त्यावरच ठेवावी लागली, आमच्या गल्लीत येत नाही. "तंजावूरला आलो की मला कापी मद्रासपेक्षा चांगली मिळते," म्हणाला. माझी कापी पिऊन म्हणाला, म्हणून नाणी न्यायला आल्याची क्षमा.

जमिनीवर सतरंजी, त्यावर पंचा, त्यावर नाणी. मी पाकीट वाचायचं, तो बघणार, हे मध्ये बसलेले. पहिल्या ओळीला त्यानं प्रत्येक नाणं स्वतः तपासलं. मान हलवत होता.

मग एडवर्डचा एक रुपया आला. ह्यांचं जुनं पाकीट — यूएनसी. सगळ्यात वरची पायरी. हे पाकीट बदलायचं राहून गेलं होतं. मी नाणं उजेडात फिरवलं. दाढीवर, अगदी वरच्या केसांवर, चकाकी तुटलेली. हातातून फिरलाय. थोडाच, पण फिरलाय.

तो समोर बसलेला. पाकिटावर यूएनसी लिहिलेलं. गप्प बसले असते तर कदाचित तसाच गेला असता. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना काय दिसणार?

"हा एक्सएफ धरा," मी म्हटलं. "दाढी घासलीय."

सतीशकुमारनं नाणं घेतलं, बघितलं, चष्मा काढून बघितलं. "सार, तुमच्या पाकिटावर —"

"ती म्हणते तसं," हे म्हणाले. चेहरा असा खुलला होता, जणू किंमत चौपट झाली.

त्यानंतर थोड्या वेळानं सतीशकुमारनं आपलं भिंग खिशात ठेवलं. मी वाचत गेले, तो लिहीत गेला. संपल्यावर विचारलं, "सार, १९३९ आहे म्हणे तुमच्याकडे? मद्रासमध्ये सगळे बोलतात."

"आहे," हे म्हणाले. "खोटा आहे. विकायचा नाही." आणि दोघं हसायला लागले, मग मीही.

सगळी नेली. एकेक पाकीट ह्यांच्या हाताखालून गेलं; प्रत्येकाला बोट लावलं, बाहेरून. भाव त्यानं चोख दिला. जाताना मला वाकून नमस्कार केला, ह्यांना नाही! मग लक्षात येऊन ह्यांनाही.

२० मार्च

लोखंडी कपाट उघडं. आत डांबराच्या गोळ्या. हे येता-जाता दार लावतात, मग परत उघडतात.

शिकवणीच्या मुली आल्या, गेल्या. मग मी काय करू? भिंग घेऊन तांदूळ निवडले.

१ एप्रिल, शनिवार

युगादी. कडुलिंबाच्या फुलांची पचडी केली. शेषम्मांना दिली. म्हणाल्या, "पुढल्या युगादीला कोण देणार गे मला?" घरमालकाला कळवून झालंय. पुत्तांडु, तमिळ नववर्ष, झालं की सोळा तारखेची रात्रीची बस. नंदितानं तिकिटं काढून पाठवली.

ह्यांना म्हटलं, तिथं बाग आहे म्हणे समोर. "असेल," म्हणाले. "तू सांगशील कशी आहे ते."

९ एप्रिल, रविवार

भांडी बांधली. पितळेची पाठवायची, पोलादाची इथंच द्यायची. सुतळी संपली.

भिंतीवर थाप पडली. नंदिता असेल म्हणून ओला हात पुसत धावले. फोनवर सतीशकुमार! कारैकुडीच्या एका चेट्टियार सावकाराच्या घरातून पेटीभर रुपये आलेत म्हणाला, तीन पिढ्या कुणी उघडली नव्हती ती पेटी. "मॅडम, तुम्ही बघाल का? मी घेऊन येईन. तुम्ही पायरी सांगाल ती मी लिहीन. फी देईन, फुकट नाही." मी म्हटलं, नाही हो, आम्ही आठवड्याभरात बंगळूरला चाललो. तो म्हणाला, "बरं मॅडम. नशीब माझं."

परत आले तर हे तिण्णैवर. "कोण होतं?"

सांगितलं. सगळं सांगितलं. मला वाटलं आवाज नेहमीसारखा होता.

"तीन पिढ्या न उघडलेली," हे म्हणाले.

"हो."

"यूएनसी असतील त्यात."

"असतील. कुणीतरी बघेल." मी आत येऊन पातेली कागदात गुंडाळायला बसले. एक पातेलं दोनदा गुंडाळलं.

१४ एप्रिल, शुक्रवार

पुत्तांडु. कल्याणराम भेटायला आला. जाताना ह्यांना मिठी मारून रडला. हे त्याच्या कानात काहीतरी बोलले. तो दचकला, मग हसला, मग परत रडला. काय बोललात विचारलं तर म्हणाले, "म्हटलं, पुढच्या वेळी वाजव."

१७ एप्रिल, सोमवार

बस काल गेली. आम्ही नाही.

आज सकाळी हे माझा खांदा धरून शेषम्मांकडे आले, मला नंबर फिरवायला लावला आणि फोन स्वतः घेतला. "नंदिता, आम्ही येत नाही गे. नाही, डोळ्यांचं काही नाही. तुझ्या अम्माला इथं काम आहे."

मग फोन माझ्याकडे न देता, दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले, "आता मद्रासचा लाव, सतीशकुमारचा."